मासा मोठा हवा, तर बोटुकली कमी सोडा

७ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेतल्या लडिंग्टन गावाजवळ, मिशिगन सरोवरात, एका तरुणाच्या गळाला चिनूक जातीचा सामन लागला. वजन भरले ४७.८६ पौंड, म्हणजे पावणेबावीस किलोच्या आसपास. मिशिगन राज्याचा चिनूकचा विक्रम १९७८ पासून कुणी मोडला नव्हता, तो त्या दिवशी मोडला. बंदरावर गर्दी झाली, फोटो निघाले आणि मग नेहमीचे प्रश्न सुरू झाले. आमिष कोणते होते? रंग कोणता? गळ किती खोल होता? नाव किती वेगाने चालली होती?

हे प्रश्न रास्तच आहेत. पण त्याच्या आठ वर्षे आधी घडलेली एक गोष्ट या चर्चेत फारशी आली नाही. २०१३ मध्ये मिशिगन सरोवराभोवतालच्या राज्यांनी दरवर्षी सरोवरात सोडायच्या चिनूक बोटुकलींची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची, संख्या सुमारे ३३ लाखांवरून १८ लाखांवर आणली होती. गळ टाकणाऱ्यांपैकी अनेक जण तेव्हा संतापले होते. पिल्ले निम्मी केली, आता मासे निम्मेच मिळणार, हा त्यांचा सरळ हिशेब होता. एका विक्रमी माशावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. तरीही सरोवरातल्या खाणाऱ्या तोंडांची आणि खाण्याची गणिते समजून न घेता नुसती साधने जमवणाऱ्याला सामनची शिकार निम्मीच कळलेली असते, हे या निमित्ताने स्पष्टपणे म्हणायला हवे.

आधी या शिकारीविषयी. कोकणातला माणूस खाडीच्या धक्क्यावर गरवायला बसतो, तेव्हा मासा कुठून येणार याचा त्याला अंदाज असतो. मिशिगन सरोवरात तसे बसून भागत नाही. क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे. खोली काही ठिकाणी २८० मीटरपर्यंत. सामन एका जागी थांबत नाही. तो खाण्याच्या आणि थंडाव्याच्या मागे दिवसाला कित्येक मैल फिरतो. म्हणून इथे नाव चालती ठेवायची आणि तिच्यामागे वेगवेगळ्या खोलींवर, वेगवेगळ्या अंतरांवर आमिषे ओढत न्यायची. याला ट्रोलिंग म्हणतात. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये एका माणसाला तीन गळ लावता येतात. नावेत चौघे असले की बारा दोर पाण्यात. ते एकमेकांत न गुंतू देणे हीच पहिली परीक्षा.

या सगळ्याच्या मुळाशी आहे पाण्याचे तापमान. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी थराथरांत विभागते. वर ऊन खाल्लेले वीस-बावीस अंशांचे पाणी, खाली चार-पाच अंशांचे जड, गार पाणी आणि या दोहोंच्या मध्ये एक पातळ पट्टा, जिथे काही फुटांत तापमान झरझर उतरते. चिनूकला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. लेक ट्राउट त्याहून गार पाण्यात, बहुधा तळाशी राहतो. समुद्री जातीचा रेनबो ट्राउट, ज्याला तिकडे स्टीलहेड म्हणतात, तो वरच्या थोड्या उबदार पाण्यात, किनाऱ्यापासून दूर हिंडतो. ब्राउन ट्राउटला उबदार पाणी चालते आणि किनाराही आवडतो. म्हणजे कोणता मासा हवा हे ठरले की कोणत्या अंशाचे पाणी शोधायचे तेही ठरले. राहतो प्रश्न एवढाच की ते पाणी आज किती खोल आहे.

ते रोज बदलते, कारण वारा. पूर्वेच्या मिशिगन किनाऱ्यावर उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस टिकला की वरचे गरम पाणी आत ढकलले जाते आणि त्याच्या जागी खालचे गार पाणी किनाऱ्यालगत वर येते. पलीकडच्या विस्कॉन्सिन किनाऱ्यावर हेच काम दक्षिणेचा वारा करतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहते पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकते, त्याचा हा परिणाम. परवा ९० फुटांवर असलेले बारा अंशांचे पाणी आज ३० फुटांवर सापडते आणि सामनही त्याच्यासोबत वर, किनाऱ्याजवळ येतो. वारा उलटला की तोच मासा मैलोगणती आत. गेल्या आठवड्यात जिथे मासे मिळाले तिथेच आज नाव नेणारा माणूस रिकाम्या हाताने परततो, तो बहुतेक वेळा वाऱ्यामुळे.

गळ नेमक्या खोलीवर नेणारे यंत्र म्हणजे डाउनरिगर. नावेच्या काठावर बसवलेली ही एक चरखी असते. तिच्यातून पोलादी तार खाली जाते आणि तारेच्या टोकाला दहा-बारा पौंडांचा गोळा असतो. आमिष आधी नावेमागे दहा-वीस फूट सोडायचे, मग त्याचा दोर गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायचा आणि गोळा हवा तितका खाली सोडायचा. चरखीवरचा आकडा सांगतो, साठ फूट. आता रीळ इतके ताणायचे की काठी धनुष्यासारखी वाकून राहील. मासा लागला की दोर चिमट्यातून सुटतो, वाकलेली काठी एकदम सरळ उभी राहते आणि पुढच्याच क्षणी पाण्याच्या दिशेने खचकन खाली झुकते. तेवढ्या एका क्षणात ढील पडलेला दोर गुंडाळून घेणारा हात हवा. चिमटा फार घट्ट असेल तर छोटा मासा तो सोडवू शकत नाही. काठीचे टोक किंचित थरथरत राहते आणि ते बिचारे पिल्लू अर्धा तास ओढले जाते. टोकावर नजर ठेवणारा माणूस नावेवर हवा, तो यासाठी.

बाकीची साधने याच खोलीच्या प्रश्नाची दुसरी उत्तरे आहेत. डायव्हर ही प्लास्टिकची तबकडी पाण्याच्या दाबाने खाली आणि बाजूला जाते. तिच्यावरची चकती फिरवून ती डावीकडे न्यायची की उजवीकडे ते ठरवता येते. लेडकोर दोरात विणलेल्या नायलॉनच्या आत शिशाची बारीक तार असते आणि दर तीस फुटांवर दोराचा रंग बदलतो. म्हणून तिथले लोक खोली फुटांत न सांगता ‘पाच रंग सोडले’ असे सांगतात. ताशी दोन मैलांच्या आसपास एक रंग सुमारे पाच-सहा फूट खाली जातो. तांब्याचा दोर त्याहून जड. आणि प्लेनर बोर्ड नावाची फळी आमिषाला नावेपासून शंभर फूट बाजूला नेते, कारण उथळ पाण्यात नावेच्या सावलीने आणि आवाजाने मासा बिचकतो. मार्च-एप्रिलमध्ये शिकागो आणि इंडियानाच्या किनाऱ्यावर सरोवराचे पाणी सर्वांत आधी उबदार होते. तेव्हा कोहो सामन अगदी धक्क्यापाशी येतो. शिकागो परिसरातल्या मराठी कुटुंबांपैकी कुणाला या छंदाची सुरुवात करायची असेल, तर हाच काळ आणि हाच मासा. डाउनरिगरची गरजही नाही. बोर्ड, लहान आमिष आणि केशरी-लाल रंग पुरतात.

तापमानाखालोखाल वेग. चिनूकसाठी ताशी सव्वादोन ते पावणेतीन मैल, लेक ट्राउटसाठी दीड ते दोन, स्टीलहेडसाठी अडीचच्या वर. आकडे सोपे वाटतात, पण नावेवरचा जीपीएस सांगतो तो नावेचा वेग. सत्तर फूट खाली पाण्याचा प्रवाह उलट्या दिशेने वाहत असू शकतो. वर अडीच दिसते आणि खाली आमिष दीडच्याच वेगाने मरगळून लोंबकळते, किंवा साडेतीनच्या वेगाने गरगर फिरते. खालचा वेग आणि तापमान मोजणारा संवेदक गोळ्याजवळ लावता येतो. तो महाग असतो. नवे आमिष, नवा रंग, नवी काठी यांवर पैसे घालण्याआधी हे एक साधन घ्यावे. ज्याला ते परवडत नाही त्याने डाउनरिगरच्या तारेकडे पाहावे. उत्तरेकडे जाताना तार फार मागे कलते आणि दक्षिणेकडे जाताना जवळजवळ सरळ राहते, तर खालचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आहे, हे एक पैसाही न खर्चता कळते.

दुसरी फुकटची युक्ती म्हणजे नागमोडी चाल. नाव उजवीकडे वळवली की डाव्या बाजूची, म्हणजे बाहेरच्या कडेची आमिषे वेग घेतात आणि उजवीकडची मंदावून खाली बसतात. मासा बाहेरच्या काठीला लागला तर वेग वाढवावा. आतल्या काठीला लागला तर कमी करावा. अनुभवी कप्तान सरळ रेषेत फार वेळ नाव नेत नाहीत. प्रत्येक वळणावर त्यांना पाण्याकडून काहीतरी कळत असते.

रंगांबद्दल एवढेच, की पहाटे अंधारात चमकणारे आमिष, सूर्य वर आला की हिरवे-निळे, आणि लखलखीत उन्हात चंदेरी, या ढोबळ नियमावर बराच पल्ला गाठता येतो. चिनूक मंद उजेडात खातो. पहाटेचे पहिले दोन तास ज्याने बंदरावर दोर सोडवण्यात घालवले, त्याला नंतर कोणताही रंग फारसा वाचवत नाही.

आता त्या खाणाऱ्या तोंडांच्या हिशेबाकडे यायला हवे, कारण वरची सगळी कारागिरी तिथेच येऊन अडते. पॅसिफिक महासागरातला सामन इथला नाहीच. मिशिगन आणि तिच्या शेजारच्या ग्रेट लेक्स सरोवरांचा मूळचा राजा लेक ट्राउट. नायगारा धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याच्या सुधारणेनंतर तो अडसर ओलांडून समुद्री लॅम्प्री १९२१ मध्ये एरी सरोवरात दिसली आणि १९३० च्या दशकात मिशिगन, ह्यूरॉन, सुपीरियर अशी सगळीकडे पोहोचली. माशाच्या अंगाला गोल तोंडाने चिकटून रक्त पिणारा हा जीव. भरमसाट मासेमारी होतीच, त्यात ही भर पडली आणि १९५० च्या दशकापर्यंत मिशिगन सरोवरातला लेक ट्राउट संपला.

मोठा शिकारी गेला आणि त्याची जागा एलवाइफ या छोट्या माशाने भरून काढली. एलवाइफ आपल्या पाला माशाच्या, म्हणजे हिल्साच्या कुळातला, अटलांटिकमधून आत शिरलेला. मिशिगन सरोवरात तो १९४९ मध्ये पहिल्यांदा सापडला आणि १९६७ च्या उन्हाळ्यात त्याचा इतका खच किनाऱ्यावर पडला की शिकागोच्या चौपाट्यांवर बुलडोझर फिरवावे लागले.

एलवाइफच्या या सुळसुळाटावर मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी त्याआधीच धाडसी उपाय काढला होता. ओरेगनकडून मिळालेल्या दहा लाख कोहो अंड्यांतून पिल्ले वाढवून ती १९६६ च्या वसंतात प्लॅट नदीत आणि मॅनिस्टीच्या एका उपनदीत सोडली गेली. पुढच्या वर्षी चिनूकही आला. फुकट वाया जाणारा एलवाइफ खाऊन सामन वाढावा आणि लोकांना शिकारीचा आनंद मिळावा, हा उघड हेतू होता. तो इतका यशस्वी झाला की १९६७ च्या शरदात हजारो लोक तळ्यावर चालवायच्या छोट्या होड्या घेऊन या समुद्रासारख्या पाण्यात उतरले. २३ सप्टेंबरला वादळ आले आणि सात जण बुडाले. आजही नावेवरच्या साधनांत पहिला खर्च लाइफ जॅकेटचा असला पाहिजे, आणि ते पेटीत नव्हे, अंगावर हवे. दहा-बारा अंशांच्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय थोड्याच मिनिटांत चालेनासे होतात.

पण या यशाच्या पोटातच पुढचे संकट होते. चिनूक तीन-चार वर्षांत दहा-पंधरा किलोपर्यंत वाढू शकतो, तो जवळजवळ सर्वस्वी एलवाइफवर. त्याची भूक भागेनाशी झाली तर तो दुसरे काही शोधत बसत नाही. तो खंगतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जहाजांच्या पाण्यातून झेब्रा आणि क्वागा शिंपले इथे पोहोचले. क्वागा शिंपल्यांनी खोल तळापर्यंत वसाहती केल्या आणि पाण्यातले सूक्ष्म वनस्पतिप्लवक गाळून फस्त करायला सुरुवात केली. सरोवर नितळ झाले. पाहणाऱ्याला सुंदर वाटावे असे हे पाणी एलवाइफच्या दृष्टीने उपासमारीचे आहे. (शिकाऱ्यासाठीही त्याने नियम बदलले: उजेड खोलवर जातो म्हणून मासा खोल गेला आणि आमिष नावेमागे जास्त लांब सोडावे लागू लागले.)

ह्यूरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला. खालून शिंपल्यांनी अन्न तोडले होते आणि वरून चिनूकची तोंडे मोजमापाबाहेर गेली होती. सोडलेल्या पिल्लांखेरीज नद्यांत नैसर्गिकरीत्या जन्मलेले चिनूक किती आहेत, याचा अंदाज फार उशिरा आला. काही वर्षांतच तिथली सामनची शिकार संपल्यात जमा झाली. ज्या बंदरांत उन्हाळ्याच्या पहाटे गाड्या लावायला जागा मिळत नसे, तिथल्या कप्तानांनी नावा विकल्या. दुकाने, खानावळी, मोटेल सगळ्यांनाच फटका बसला. त्या बंदरांत डाउनरिगर होते, संवेदक होते, तीस-तीस वर्षांचा अनुभव होता. खाणेच उरले नाही म्हटल्यावर यातले काहीच उपयोगी पडले नाही.

मिशिगन सरोवराच्या व्यवस्थापकांनी हे शेजारी घडताना पाहिले होते. १९९९ मध्ये, २००६ मध्ये आणि मग २०१३ मध्ये त्यांनी सोडण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने घटवले. २०१३ आणि २०१४ या दोन्ही वर्षांची एलवाइफची पिढी कमजोर निघाली, तेव्हा आणखी कपात आली. विरोध प्रत्येक वेळी झाला. त्या विरोधातला एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. मिशिगनच्या बाजूला पेर मार्केट, मस्कीगन, मॅनिस्टी अशा गार, खडीच्या तळाच्या नद्या आहेत. तिथे चिनूक स्वतःच अंडी घालतो आणि पिल्ले जगतात. विस्कॉन्सिनच्या नद्यांत ते जवळजवळ होत नाही. त्यामुळे शरद ऋतूत परतणारा मासा हवा असेल तर विस्कॉन्सिनला सोडलेल्या पिल्लांवरच भिस्त ठेवावी लागते आणि सरसकट कपातीचा भार त्यांच्यावर जास्त पडतो. कपात कुठे आणि किती, यावर भांडण व्हायलाच हवे. मात्र कपात नकोच, ही मागणी सामनच्याच मुळावर उठणारी आहे. एलवाइफ सावरू लागला आणि मासे अंगाने भरले, तसे सोडण्याचे प्रमाण पुढे काही ठिकाणी पुन्हा थोडे वाढवताही आले. ह्यूरॉनमध्ये ती सोय राहिली नाही.

ह्यूरॉनच्या कहाणीचा दुसरा भाग सामनप्रेमी सहसा सांगत नाहीत. एलवाइफच्या शरीरात जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे एक विकर असते. तो खाणाऱ्या लेक ट्राउटच्या अंड्यांत हे जीवनसत्त्व कमी पडते आणि पिल्ले जन्मताच मरतात. एलवाइफ गेला आणि ह्यूरॉनमध्ये लेक ट्राउटची जंगली पिल्ले पुन्हा जगू लागली. सुपीरियर सरोवराच्या बहुतेक भागात तर हा मासा पुरता सावरल्याचे ग्रेट लेक्स फिशरी कमिशनने २०२४ मध्ये जाहीर केले. लॅम्प्रीच्या अळ्यांवर १९५८ पासून चाललेल्या औषधफवारणीचे, मासेमारीवरच्या बंधनांचे आणि दशकानुदशके सोडलेल्या पिल्लांचे ते फळ. तरीही सामनच्या नावेवर लेक ट्राउट लागला की तोंडे वाकडी होतात. चरबट मासा, झुंज देत नाही, असे म्हणतात.

ही नाराजी अन्यायाची आहे. लेक ट्राउट पकडण्यासाठी गोळा दीडशे फुटांवर तळाला हलकेच टेकवत, गाळाचा लोट उडवत, ताशी पावणेदोन मैलांच्या वेगाने मोठ्या फ्लॅशरमागे, म्हणजे चमकणाऱ्या पट्टीमागे, लहानसे आमिष ओढावे लागते. तळाचा चढ-उतार नकाशावर पाहत दर मिनिटाला तार वर-खाली करावी लागते. यात कौशल्य कमी नाही, उलट जास्तच लागते. शिवाय खोलातून वर येताना हा मासा पोटातली हवा तोंडावाटे सोडू शकतो, त्यामुळे पाणी गार असताना चटकन सोडला तर तो जगण्याची शक्यता बरी असते. आणि तो इथलाच आहे. ज्यांची शिकार फक्त चिनूकभोवती फिरते त्यांनी उन्हाळ्यातल्या काही सकाळी त्याला दिल्या, तर सामनवरचा ताण हलका होईल आणि नावेवरचा माणूसही काही नवे शिकेल.

राहिला विश्वासाचा प्रश्न. सरकारी आकडे खोटे, असे बंदरावर सर्रास ऐकू येते. पण हे आकडे गळ टाकणाऱ्यांच्याच हातांतून जातात. २०११ पासून या सरोवरांत सोडल्या जाणाऱ्या चिनूक बोटुकलींचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापला जाऊ लागला आणि नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, खूण कोरलेली तार बसवली जाऊ लागली. पर नसलेला मासा मिळाला की त्याचे डोके जमा करायचे. त्या तारेवरून तो कुठे आणि कधी सोडला होता ते कळते. मिशिगन सरोवरातले निम्म्याहून अधिक चिनूक जंगली जन्माचे आहेत आणि ह्यूरॉनमध्ये सोडलेले मासे खाण्याच्या शोधात मिशिगनमध्ये येतात, हे अशाच डोक्यांतून उलगडले. म्हणून ज्याला कपात चुकीची वाटते त्याने आधी ही डोकी द्यावीत. राज्यांनीही ती घेण्याची पेटी प्रत्येक बंदरावर ठेवावी, मासा कुठून आला होता हे पकडणाऱ्याला कळवावे, आणि पुढच्या वर्षीची बोटुकलींची संख्या ठरवण्याच्या बैठकीआधी त्या वर्षीचा एलवाइफचा अंदाज साध्या भाषेत बंदराच्या फलकावर लावावा.